फाटक्या कोपऱ्याचं कार्ड

आमच्या गावात लिहिता येणारी मी एकटीच होते असं नाही. शाळेचे मास्तर होते, पण ते तुमसरहून एसटीने यायचे, एसटीनेच परत जायचे, आणि शाळेत कोणी कार्डं घेऊन यायचं नाही असं त्यांनी आल्या वर्षीच सांगून टाकलं होतं. किराणा दुकानदाराला वाचता यायचं. तो गावाची पत्रं कोणी न सांगताच वाचायचा, पण लिहायचं म्हटलं की त्याचा हात दुखायचा. राहिले मी. बपेऱ्याच्या अलीकडच्या त्या गावात मॅट्रिक झालेली पहिली मुलगी म्हणून माझं जे काही कौतुक झालं ते आठवडाभर टिकलं. मग ओसरीवर बायका येऊन बसायला लागल्या. कमरेला खोचलेलं कोरं कार्ड, गालात तंबाखू, आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे अशी सगळ्यांची पक्की खात्री.

हे सत्तरच्या दशकाच्या शेवटाचं सांगते आहे. कार्ड म्हणजे वीतभर जागा. तेवढ्यात ह्यांना भावाला, भावजयीला, भावजयीच्या आईला आणि शेजारच्या दोन घरांना दंडवत घालायचे असत, शिवाय म्हैस व्याली का तेही विचारायचं असे.

"आनखीन लिव का पाणी बरा पडून राहिला."

"लिहिलं."

"आनखीन लिव का धान बरा आहे."

"लिहिलं."

"आता वाचून दाखव."

वाचून दाखवलं की चेहरा उतरायचा. "यवढंच? मी तं किती बोलली." आणि खरी बातमी, म्हणजे पोरगी सासरी नांदत नाही, येऊन घेऊन जा, ती कार्ड पूर्ण भरल्यावर तोंडातून निघायची. मग मी ती समासात उभी, पत्त्याच्या रेघेला घासून, मुंगीएवढ्या अक्षरात लिहायची. असा माझा जीव ह्या बायकांनी सहा वर्षं खाल्ला.

तेवढ्यावर भागलं असतं तरी ठीक होतं. पण लिहिलंय काय यापेक्षा कागद दिसतो कसा यावर गावाचा भरवसा जास्त. कोपऱ्यांना हळद लागलेली असली की लग्न. कोपरा फाडलेला असला की मयत. मयतीचं कार्ड उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही, बाहेर उभ्यानेच वाचून घ्यायचं, तिथल्या तिथे फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. गावातली मयतीची कार्डंही मीच लिहायचे. मजकूर संपला की कोपरा चिमटीत धरून फाडायचे. कित्येकदा समोरचं माणूस तोपर्यंत कोरड्या डोळ्यांनी पत्ता सांगत असे, आणि कोपरा फाडल्याचा आवाज झाला की हुंदका. मी एकदा एका म्हाताऱ्याला म्हटलं की कार्ड आल्यावर कोपरा पाहून रडत बसण्यापेक्षा आधी कोणाकडून तरी वाचून घेत जा. तो माझ्याकडे कीव आल्यासारखा पाहत राहिला. "वाचूनच समजून घ्याचं असन, तं मंग कोपरा कायले फाडतेत?"

गावातून सुटायचा एकच रस्ता मला दिसत होता आणि तो टायपिंगच्या मशीनमधून जात होता. तुमसरला एका कापड दुकानाच्या माडीवर क्लास होता. सहा मशीनी, त्यातल्या मराठीच्या दोन, आणि त्या दोनांतल्या एकीची ळ ची कळ दाबली की वर यायचीच नाही, नखाने उचलावी लागायची. सर बोटांवर फडकं टाकायचे, म्हणजे कळांकडे पाहता येऊ नये. मी आठवड्यातून तीन दिवस एसटीने जायचे. गावात बातमी अशी पसरली की पोट्टी तुमसरले पेटी शिकाले जाते. भजनी मंडळातल्या एका आजोबांनी बाबांना सरळ विचारलं की सप्त्याला पोरगी पेटीवर साथ करेल का. बाबांनी मला विचारलं. मी कपाळाला हात लावला.

पण मला ते मशीन आवडायचं, हे लपवत नाही. हाताने लिहिलेलं पत्र माझ्या गळ्यात पडलेलं होतं, टाइप केलेलं पान माझं होतं. ते कोणाच्या भावजयीची चौकशी करत नव्हतं. मराठीची परीक्षा पास झाले, मग इंग्रजीची झाले, भंडाऱ्याला जाऊन रोजगाराच्या ऑफिसात नाव नोंदवून आले. तिथे सांगितलं की जागा निघाली की कॉल येईल, कार्डाने.

इकडे चिखल्याहून एक स्थळ आलेलं होतं. मुलगा मॅंगनीजच्या खाणीत कामाला, कॉलनीत खोली, माणसं सरळ. बाबा काही मला ढकलून देणारे नव्हते. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, "दिवाळीपावतर पाहू. कॉल आला तं नौकरी कर, मी कोनाचंच आयकत नाई. नाई आला तं मी त्याईले हो म्हून कळवतो." कळवणार म्हणजे अर्थातच माझ्याच हाताने कार्ड लिहून घेणार. मला ते मान्य करावं लागलं. त्या दिवसापासून माझं सगळं आयुष्य एका कार्डावर येऊन थांबलं, आणि ते मला स्वच्छ कळत होतं.

म्हणून मी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. टपालवाला आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायचा आणि चिखलातून घरोघर फिरायला नको म्हणून सगळं टपाल किराणा दुकानात ठेवून जायचा. दुकानदार ती पत्रं आढ्याला टांगलेल्या एका वाकड्या तारेत खोचून ठेवायचा. मी दुकानदाराला सांगितलं, त्याच्या बायकोला सांगितलं, टपालवाल्याला सांगितलं, मायला तर रोज सांगायचे: माझ्या नावाचं कार्ड आलं तर भिजू द्यायचं नाही. भिजू द्यायचं नाही एवढंच सांगितलं. फाटण्याचं मला सुचलं नाही.

तो गुरुवार होता आणि आमचा रोवणा सुरू होता. रोवणा म्हणजे धानाची लावणी, त्या दिवसांत गावात कोणाच्या घरी माणूस सापडत नाही. मी सकाळच्या गाडीने तुमसरला गेले होते, कारण स्पीड सुटू नये म्हणून क्लासला जाणं चालूच ठेवलं होतं. शेजारची काकू आमच्याच बांधीवर, म्हणजे धानाच्या शेतात, रोवायला निघाली होती. वाटेत तंबाखूसाठी ती दुकानात थांबली. दुकानदार खताच्या गाडीमागे गेला होता, गल्ल्यावर त्याची बायको. तिने तारेतून आमचं कार्ड ओढून काढलं आणि काकूच्या हातात दिलं. काकूने ते न पाहता कमरेला खोचलं, अर्ध्या वाटेवर काढून पाहिलं, आणि बांधीच्या धुऱ्यावरूनच, म्हणजे बांधावरूनच, हंबरडा फोडला.

पुढचं मला तिनेच सांगितलं, संध्याकाळी, तिच्या ओसरीवर. मी गाडीतून उतरून घरी आले तर दाराला कुलूप. काकूच्या घरी गेले तर ती म्हणाली, "बस बाई, पानी पे. तुह्या मामाचा झाला."

"काय झाला?"

"मयतीचा कार्ड आला ना आज. तुही माय न बाबा पवनीकडे गेले."

मामा पवनीजवळच्या खेड्यात राहायचे, धानाचीच शेती. होळीपासून त्यांना खोकला होता हे खरं. मला गलबलून आलं. मी विचारलं, कार्डात काय लिहिलं होतं, कधी झालं, कोणी पाठवलं.

"आता ते कोन वाचते? कोपरा फाटला होता ना. तुह्या मायनं वयखलं, दुसरा कोनी बिमारच नाई."

"पण वाचलं कोणी?"

"बाई, शाळंत थोडी नेते मयतीचा कार्ड, लेकरायमंदी? फाडला न नाल्यात सोडून देल्ला. आंग धुतलं सबनं."

तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली. मी विचारलं, कार्ड हाताने लिहिलेलं होतं की छापलेलं. काकूने बराच विचार केला. तिला माझी मदत करायची मनापासून इच्छा होती हे दिसत होतं. "अक्षरं होते," ती म्हणाली.

मी दुकानाकडे गेले. दुकानदार परत आला होता. हा माणूस बारा महिने आमची पत्रं आमच्या आधी वाचायचा, कोणाच्या घरी काय शिजतंय ते गावाला सांगायचा, आणि नेमक्या त्याच दिवशी त्याने माझ्याकडे पाहून सांगितलं की तो दुसऱ्याचं टपाल वाचत नसतो. मी वर तारेकडे पाहिलं. तारेच्या टोकाला नखाएवढा एक पिवळा तुकडा अडकलेला होता. त्याची बायको म्हणाली, "हो, काढता काढता थोडासा फाटला वाटते." तुकडा मी काढून घेतला. त्यावर जांभळ्या शाईच्या गोल शिक्क्याचा एक चतकोर होता. मयतीच्या कार्डावर ऑफिसचा शिक्का कोणी मारत नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली म्हणतात ना, तसं मला खरोखरच झालं. रागवावं तरी कोणावर? दुकानदाराच्या बायकोने कार्ड ओढलं, तिच्या हाताला घाई होती. काकूने कोपरा पाहिला, सगळे पाहतात तसाच पाहिला. माय भावासाठी रडली. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि माझं कार्ड नाल्यात. आणखी डोक्यात तिडीक जावी अशी गोष्ट म्हणजे माय आणि बाबा त्या दुपारी तुमसरच्या स्टँडवर गाडी बदलायला अर्धा तास थांबले होते. मी तिथून हाकेच्या अंतरावर माडीवर टायपिंग करत होते. ते कार्ड नुसतं सोबत आणलं असतं आणि मला खाली बोलावलं असतं तरी पुरे होतं. पण मयतीचं कार्ड कोणी एसटीत घेऊन बसत नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने निघाले आणि भंडाऱ्याला पोचले. रोजगाराच्या ऑफिसातल्या कारकुनाने रजिस्टर पाहून सांगितलं की हो, कॉल गेला आहे, टायपिंगची टेस्ट आजच आहे, दुपारी दोन वाजता, आणि कुठल्या ऑफिसात तेही सांगितलं. मी म्हटलं, मला दुसरं कार्ड द्या. तो म्हणाला, दुसऱ्या कार्डाला अर्ज लागतो आणि अर्जाला आठ दिवस. माणूस वाईट नव्हता. त्याने मला पाणी दिलं.

त्या दुसऱ्या ऑफिसात मी दीड वाजताच जाऊन उभी राहिले. व्हरांड्यात टेबल टाकून एक बाबू यादी घेऊन बसला होता. यादीत माझं नाव होतं, मी उलटं वाचलं.

"कार्ड?"

मी तो तुकडा टेबलावर ठेवला. त्याने पेनाच्या टोकाने तो थोडा सरकवून पाहिला.

"हे काय आहे?"

"कार्डाचा कोपरा."

"आणि बाकीचं?"

"नाल्यात."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्याला सगळं सांगितलं. यादीत नाव आहे, माझ्याजवळ परीक्षेची सर्टिफिकेटं आहेत, मशीनवर बसवून पाहा, मिनिटाभरात कळेल की मी तीच आहे. तो म्हणाला, सूचनेत लिहिलं आहे की कार्डाशिवाय बसू देऊ नये. ती सूचना कार्डावरच लिहिलेली होती म्हणे. मग म्हणाला, "असं करा, कार्ड का नाही ते लेखी द्या. साहेबांपुढे ठेवतो."

लेखी द्यायला मला काय लागतं? सहा वर्षं तेच केलं होतं. मी बाकावर बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला. महोदय, विनंती अर्ज सादर करते की, कार्डाचा एक कोपरा फाटलेला दिसल्याने घरच्या मंडळींनी ते मयतीचे कार्ड समजून रूढीप्रमाणे फाडून नाल्यात सोडून दिले, सबब कार्ड हजर करता येत नाही. गावातल्या कोणाच्या पत्रात मी एवढं खरं आणि एवढं नेटकं लिहिलं नव्हतं. बाबूने त्यावर आवकचा शिक्का मारला, नंबर घातला आणि आत नेला.

दोन वाजले. आत टेस्ट सुरू झाली. दार लोटलेलं होतं, पण आवाज यायचा. पाच-सहा मशीनी एकदम वाजत होत्या आणि मी बाहेर बसून ऐकत होते. डावीकडची मुलगी दर ओळीला अडखळत होती. एकाचा स्पीड बरा होता, पण तो चुकून मागे जात होता. माझी बोटं मांडीवर आपोआप चालायला लागली. मला आत न बसवता बाहेर बसवून माझी टेस्ट कोणी घेत होतं असं वाटलं. दहा मिनिटांनी आवाज थांबला.

मग बाबू बाहेर आला, त्याच्यामागे वयस्क हेडक्लार्क. त्याच्या हातात माझा अर्ज होता आणि तो हसू दाबत होता. आतून कोणाचं तरी मोठ्याने हसणं ऐकू आलं, म्हणजे अर्ज वाचला गेला होता, एकापेक्षा जास्त वेळा. हेडक्लार्क मला हळू म्हणाला, "बाई, हरवलं असं लिहायचं होतं. हरवल्याचं पाहता येते. तुम्ही तर फाडलं म्हणून लिहून दिलं. सरकारी कागद फाडला असं लेखी दिल्यावर साहेब काय करतील?"

मी म्हटलं, मग दुसरा अर्ज लिहून देते, हरवलं म्हणून.

"आता याची आवक झाली," तो म्हणाला.

त्याला खरंच वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे मला आणखी चीड आली. मी गावाला सहा वर्षं कानीकपाळी ओरडत होते की कोपरा पाहू नका, लिहिलेलं वाचा. इथे लिहिलेलं वाचणारीच माणसं होती, आणि माझ्याच अक्षराने मला दाराबाहेर बसवलं. परतीच्या गाडीत मला रडू आलं नाही. मी खिडकीशी बसून सगळ्या जगाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्यात टपाल, ऑफिस, दुकानदार, काकू आणि मामाचा खोकला, कोणी सुटलं नाही.

शनिवारी माय आणि बाबा परत आले. माय हसत आली. तिच्या हातात मामीने दिलेली पोह्यांची पुरचुंडी होती आणि मामा धडधाकट होते. तिने ओसरीवर टेकता टेकता सांगायला सुरुवात केली. रिवाजाप्रमाणे तिने मामाच्या गावच्या वेशीपासूनच आक्रोश सुरू केला होता. मामीने तो ऐकला आणि तिला वाटलं की आमच्याकडे कोणी गेलं, म्हणून तीही धावत येऊन मायच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या. शेजारणी जमल्या, त्याही रडल्या. मामीला वाटलं बाबा गेले, पण बाबा तर मागे पिशवी घेऊन उभे. मग तिला वाटलं, पोरगी गेली, म्हणजे मी. अर्धा तास कोणी कोणाला काही विचारलं नाही. मामा बांधीतून चिखलाच्या पायाने आले आणि म्हणाले, "कोन मेला?" माय त्यांना पाहून मटकन खाली बसली. हे सांगताना ती डोळे पुसत होती, हसून हसून. बाबासुद्धा हसत होते.

मग माय म्हणाली, "पन मंग तो कार्ड कोनाचा होता?"

मी तो तुकडा तिच्या तळहातावर ठेवला आणि सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तोंडाला येईल ते बोलले. नोकरी गेली, तुमच्या रडण्यापायी गेली, कोपरा फाटला म्हणून काय झालं, वर एकदा पाहायचं तर होतं, छापील अक्षर होतं, शिक्का होता, आंधळ्यालाही दिसला असता. बाबा उठून गोठ्याकडे गेले. माय तो तुकडा पाहत राहिली. तिने तो उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला. शिक्क्याची सुलटी बाजू कोणती हे तिला कळत नव्हतं.

"मले का समजते छापील न हातचं," ती म्हणाली. "मी तुले दोन बखत म्हणली होती, मले अक्षरं दाखव म्हून. तू म्हणली, तुले काहून पायजे माय, मी आहो ना."

हे खरं होतं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा तिने चुलीपुढे राखेत बोटाने रेघ ओढून विचारलं होतं, माझ्या नावाचं पहिलं अक्षर असंच ना. मी हसले होते. गावाने माझा जीव खाल्ला म्हणून मी इतकं लिहिलं, पण बायका ओसरीवर माझ्यासाठी थांबल्या की मला आतून बरं वाटायचं, हेही लिहायला हवं. आणखी एकीला वाचता आलं असतं तर त्यांच्या नजरेतला माझा मान थोडा कमी झाला असता. आपल्या आईच्या बाबतीतही माझं मन एवढं कोतं होतं. आणि मी आहो ना म्हणणारी मी त्या गुरुवारी तुमसरला होते.

दिवाळीपर्यंत दुसरा कॉल आला नाही. बाबांनी सांगितल्यावर मी चिखल्याला होकाराचं कार्ड लिहिलं आणि चारही कोपऱ्यांना मायने हळद लावली. नवरा चांगला निघाला, हे मुद्दाम सांगते, कारण अशा गोष्टीत वाचणाऱ्याला नवरा वाईट हवा असतो. खाणीच्या कॉलनीत लाल-काळ्या धुळीत माझा संसार सुरू झाला. तिथेही महिन्याभरात बायका दारात येऊन बसायला लागल्या. कोणी बालाघाटकडची, कोणी छत्तीसगडची, हिंदीत सांगायच्या, मी लिहायचे. मशीनवर पुन्हा बोटं ठेवायला मिळाली नाहीत.

मायला मात्र मी अक्षरं शिकवली नाहीत. लग्नाच्या घाईत राहिलं, मग धानाची कापणी आली, मग मी सासरी, असं कारण मी स्वतःला देत आले. ते पोकळ आहे, आठ दिवसांत शिकवता आलं असतं. त्यामुळे चिखल्याहून मी मायला जी कार्डं लिहायचे ती किराणा दुकानात वाचली जायची, चारचौघांत, दुकानदाराच्या मोठ्या आवाजात. हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याला ऐकवण्यासारखंच लिहायचे. मी खुशाल आहे. पाणी बरा आहे. घरच्या सर्वांस दंडवत. पुढे ऐंशीचं दशक सरता सरता गावात फोन आला, तोही त्याच दुकानात, आणि माय रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडायची तेव्हा मागे बिडी ओढणाऱ्यांचा खोकलाही मला चिखल्यात ऐकू यायचा.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी माझं पहिलं पोट राहिलं आणि सहाव्या महिन्यात गेलं. मी पंधरा दिवस पडून होते. त्या पंधरा दिवसांत मायला एक कार्ड लिहिलं, नेहमीचं. ती दिवाळीनंतर मला भेटायला म्हणून आली, बाळंतविड्याची लुगड्यात बांधलेली तयारी घेऊन, दिवस मोजून. दारातच तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पोटाकडे पाहिलं. शेजारणीने तिला हळूच बाजूला नेऊन सांगितलं. ती परत आली तेव्हा तिने गाठोडं खाली ठेवलं होतं.

"कार्डात तं तू लिवलं नाई," माय म्हणाली. "त्यानं वाचला तं खुशाल म्हून वाचला."

"कोनाले लिहू, माय?" मी म्हटलं. "त्या दुकानदाराले?"

गाठोडं उचलून तिने ते माझ्या नजरेआड, खाटेखाली सरकवलं आणि चूल पेटवायला बसली.